नंतर सांगते

त्या रविवारी वकीलसाहेबांनी बाबांना एक प्रश्न विचारला. बाबांनी मान हलवली. मी "हो" म्हणाले. पुढच्या महिन्यापासून मंडळाचा रविवार गेला, आणि दिवाळीनंतर मंडळ गेलं.

माझे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे होते. मला ऐकू येतं. इंदूरच्या छत्रीबागेतल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि बहिऱ्यांचं घर म्हणजे शांत घर असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे एक सकाळ काढायला हवी होती. आई भांडी ठेवत नसे, टाकत असे. दारं धाडकन लागत. कुणाला बोलवायचं तर बाबा जमिनीवर पाय आपटत, म्हणजे फरशीतून दुसऱ्याच्या तळपायाला कळे. लांब असेल तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर. आई पोळ्या लाटताना गळ्यातून एक लांब आवाज काढी. सूर नाही, शब्द नाही, लाटण्याच्या पुढेमागे होण्याबरोबर वरखाली होणारा आवाज. आपण आवाज करतो आहोत हे तिला माहीत नव्हतं. शेजारच्या काकू एकदा हसत म्हणाल्या होत्या, "तुझी आई सुबह सुबह कोणता राग गाते ग?" त्या दिवसापासून मी पोळ्यांच्या वेळी खिडकी लावून घ्यायला लागले. आईला वाटे मला गार वारा सोसत नाही. तिने माझ्यासाठी एक स्वेटर विणला. आज इंदूरबाहेर राऊ गावातल्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे पोळ्या करायला एक बाई येते, ती मुकाट्याने लाटते, आणि मी पुस्तक हातात धरून बाहेरच्या खोलीत बसून राहते.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळी करायच्या, लग्नपत्रिका, शाळांचे निकाल, दुकानांची बिलबुकं. यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे ओरडून ओरडून थकत, बाबांना त्याचा काही त्रास नव्हता. मालक म्हणे, "इनको तो भगवान ने प्रेस के लिए ही बनाया." ते वाक्य मी बाबांना कधी सांगितलं नाही. खिळा उचलतात तसा अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत एक चिमूट घ्यायची, ही बहिऱ्यांच्या मंडळात बाबांची खूण होती. तेच त्यांचं नाव. कागदावरचं नाव कागदापुरतं. माणसामाणसांत प्रत्येकाला हाताचं नाव असे, आणि ते स्वतःचं स्वतः घ्यायचं नसे, दुसऱ्याने द्यायचं. शांतामावशी मनगटावरच्या बांगड्या फिरवत, म्हणून त्यांचं नाव बांगड्या. शिवणकाम करणाऱ्या एका काकांना भल्या मोठ्या मिशा, म्हणून ते मिशी. माझं नाव शांतामावशींनी ठेवलं. मी तीन वर्षांची असताना मंडळात सगळ्यांच्या पायांतून पळत होते, तेव्हा त्यांनी मला वेणीला धरून थांबवलं आणि हवेतच वेणीचं टोक ओढल्यासारखं केलं. सगळ्यांनी ते हाताने म्हणून पाहिलं आणि ठरलं. वेणी.

मंडळ दर रविवारी दुपारी भरे, एका वाचनालयाच्या वरच्या लांब खोलीत. खोली एका ट्रस्टची होती. दाराबाहेरच्या पाटीवर रंगाऱ्याने आपल्या मनाने 'मूकबधिर' लिहिलं होतं. त्यातलं 'मूक' बाबांनी पहिल्याच आठवड्यात चाकूने खरवडून काढलं. "मुके कोण? रविवारी येऊन बघ म्हणावं," असं ते हाताने म्हणत. (हाताने बोललेलं मी इथे वाक्यांत लिहिते आहे. त्यातलं निम्मं चेहऱ्यावर असे, ते लिहिता येत नाही.) देवासहून, महूहून, उज्जैनहून लोक बसने येत. कुणी छापखान्यात, कुणी गिरणीत, कुणी शिंप्याच्या दुकानात. सहा दिवस ज्यांच्याशी कुणी चार शब्द बोललेलं नसे, ते सातव्या दिवशी जिना चढतानाच बोलायला सुरुवात करत, कठडा सोडून, दोन्ही हातांनी. आईचे पोहे मोठ्या पातेल्यातून येत, त्यावर शेव, जीरावन मसाला, आणि बाहेरून आणलेली जलेबी. पण खाताना हात अडकतात, म्हणून पोहे नेहमी गार होत. थंडीत मिशीकाका गराडूच्या कंदाचे काप तळून आणत आणि ते मात्र कुणी गार होऊ देत नसे. सगळे गोल बसत, कारण सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला हवेत. बाबा सेक्रेटरी. ते आठवड्याचं वर्तमानपत्र हातांनी वाचून दाखवत, मंत्र्यांची सोंगं काढत. मग कॅरम, भांडणं, कुणाच्या मुलीसाठी स्थळ, कुणाला नवीन नोकरी. टाळ्या म्हणजे हात वर करून पंजे हलवायचे. निरोप घ्यायला तासभर लागे. पाच वाजता उठलेले लोक सहा वाजता जिन्यात असत, कुणीतरी कुणाची बाही ओढून म्हणे, "थांब, अजून एक."

या मंडळात एक नाटुकलं वर्षानुवर्षं चाले आणि कधी शिळं होत नसे. त्याचं नाव 'नंतर'. त्यात मिशीकाका एक ऐकणारे मामा होत. लग्नाची पंगत. सगळे नातेवाईक तोंड हलवून हलवून बोलत, मध्येच खो खो हसत. बाबा त्यात स्वतःच होत. ते शेजारच्या मामाला कोपराने ढोसत, "काय झालं? का हसले?" मामा जिलबी चावत पंजा हवेत पुढे ढकले, नंतर. बाबा थांबत. पुन्हा हसणं. पुन्हा कोपर. नंतर. पंगत उठे, वरात जाई, मामा म्हातारा होई, काठी टेकत येई. बाबा अजून तिथेच पाटावर. "तो विनोद काय होता?" मामा मरायला टेकलेला, एक डोळा उघडून पंजा पुढे ढकले. नंतर! सगळी खोली हसून जमिनीवर पाय आपटे, इतकी की खालच्या वाचनालयातून माणूस वर येई. हे खरं आमच्याच घरचं होतं. बाबांच्या चुलतभावाच्या मुंजीतला एक विनोद, "नंतर सांगतो" म्हणून राहिलेला. पुढे तो भाऊ इंदूर सोडून गेला तरी बाबा दर दिवाळीच्या पत्रात शेवटी लिहीत, 'मुंज विनोद काय? वाट बघतो.'

त्यांचं लिहिणं असं असे. मी आठवी-नववीत असताना त्यांच्या चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने सुधारून द्यायची, 'मुंजीतला विनोद काय होता?' असं. ते माझ्याकडून लिहून घेत आणि पत्र मात्र स्वतःचंच पाठवत.

आईबाबांचं बाहेरचं बोलणं मी करी. दूधवाला, शाळा, रेशन, दवाखाना. पाच वर्षांची असल्यापासून. लोक माझ्याकडे बघून बोलत, "बाबांना सांग," आणि बाबा त्या लोकांकडे बघत बोलत, आणि मध्ये मी. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट लहानपणीच कळते, ती मानेची. बाबांचं मान हलवणं दोन प्रकारचं होतं. समोरचा बोलत असताना हनुवटी बारीक बारीक खालीवर होई, ती म्हणजे दिसतंय, समजतंय, पुढे सांग. फोनवर आपण "हं, हं" म्हणतो तशी. आणि हो म्हणायचं असेल तेव्हा मान एकदाच खाली जाई, ओठ मिटून, आणि क्षणभर तिथेच राही. ऐकणाऱ्या लोकांना या दोहोंतला फरक कळत नसे. दुकानदार त्यांना भाव सांगे, बाबा बारीक मान हलवत, दुकानदार पुडी बांधायला घेई, आणि मग मी पुढे होऊन म्हणे, "थांबा भिया, अजून हो म्हणाले नाहीत." मला तो फरक माझ्या नावाइतका माहीत होता.

सतराव्या वर्षी मी कॉलेजात होते. वंदना नावाची माझी मैत्रीण होती, तिच्याकडे लूना होती, आणि तिला माझं घर कुठे आहे ते माहीत होतं पण घरात कोण आहे ते मी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी आम्हा चौघींना सिनेमाला जायचं होतं. वाचनालयापाशी मला घ्यायला ये, मी पुस्तक बदलायला जाणार आहे, असं मी तिला खोटंच सांगितलं होतं. पोह्यांचं पातेलं वर ठेवून मी निघणार तेवढ्यात वकीलसाहेब जिना चढून आले. ट्रस्टचं कामकाज बघणारे, साठीचे, धोतर-कोटातले. यापूर्वी ते कधी वर आले नव्हते. बाबांनी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं, खोली थांबली, खुर्ची पुढे आली. वकीलसाहेब बसले नाहीत.

"बेटा, तू यांची मुलगी ना? जरा समजावून सांग बाबांना. म्हणजे असं आहे, ट्रस्टला इथे परीक्षांचे क्लासेस सुरू करायचेत. मुलं रविवारीच मोकळी. तर तुमच्या मंडळाला आम्ही बुधवार देऊ, संध्याकाळी."

खाली लूनाचा हॉर्न वाजला. त्या खोलीत चाळीस माणसं होती आणि तो आवाज ऐकणारे आम्ही दोघंच होतो.

"पण बघ," वकीलसाहेब म्हणाले, "यांना जमत असेल तरच. जबरदस्ती नाही. नाही म्हणाले तर मी क्लासवाल्यांना दुसरी जागा बघा म्हणेन. नीट विचार त्यांना."

मी बाबांकडे वळले आणि हाताने म्हणाले, "खोलीच्या वेळेबद्दल बोलताहेत." एवढंच. हॉर्न पुन्हा वाजला, दोनदा, आणि खालून वंदनाचा आवाज आला, "अरे यार, कितनी देर! ऊपर आऊँ क्या?"

ती वर येईल. दारात उभी राहील. हे हात, हे चेहरे, आईच्या गळ्यातून निघणारं हसू, सगळं बघेल. माझ्या डोक्यात एवढंच होतं. बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी बारीक बारीक खालीवर होत होती.

वकीलसाहेबांनी ते पाहिलं. "हो म्हणताहेत ना?"

"हो," मी म्हणाले.

"काही अडचण नाही?"

"नाही."

"वा. भले लोक आहेत." त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबांनी केला. ते जिना उतरेपर्यंत बाबा माझी बाही धरून विचारत होते, "वेळेबद्दल काय? काय म्हणाले?"

मी पंजा हवेत पुढे ढकलला. नंतर. आणि पळाले.

सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही. घरी आले तेव्हा बाबांनी पुन्हा विचारलं, आणि मी म्हणाले, "काही नाही, साफसफाईचं काहीतरी." आज वाटतं, त्या संध्याकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. सोमवारी सकाळी वकीलसाहेबांकडे जाऊन 'चूक झाली' म्हणता आलं असतं. मंगळवारीही. तो माणूस वाईट नव्हता. मी रोज उद्या म्हणत राहिले, आणि त्यानंतरचे रविवार नेहमीसारखे भरत राहिले, म्हणून मला वाटायला लागलं की ते बारगळलं असावं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी जिन्यावर पन्नास-साठ मुलांच्या चपला होत्या. देवासची माणसं पातेल्याशेजारी फुटपाथवर उभी होती. बुधवारी येणं कुणालाच शक्य नव्हतं. गिरणी, छापखाना, शिंप्याचं दुकान, कुणालाच बुधवारची सुटी नव्हती. बाबा मला आणि मिशीकाकांना घेऊन वकीलसाहेबांच्या घरी गेले. मिशीकाका त्या रविवारी मंडळात आले नव्हते. त्यांना एका कानाने थोडं ऐकू येई, खिशात यंत्राची डबी असे, आणि ओठ वाचायची त्यांना सवय होती.

"अरे, पण मी विचारूनच केलं!" वकीलसाहेब खरोखर दुखावले गेले. "बेटा, तूच नाही का म्हणालीस? बाबा हो म्हणताहेत, अडचण नाही? आता मुलांची नावं नोंदवली, त्यांना काय सांगू मी?"

बाबा माझ्या हातांकडे बघत होते. मी म्हणाले, "ते म्हणताहेत, ट्रस्टने ठरवलंय. आता बदलता येत नाही."

बाहेर आल्यावर मिशीकाकांनी बाबांकडे पाठ फिरवली. त्यांनी सायकल काढली आणि गेले.

पुढच्या रविवारी मंडळ एका बागेत भरलं. गोल करून सगळे गवतावर बसले होते. मिशीकाका उभे राहिले. त्यांनी बाबांची खूण केली, ती हवेतली चिमूट, आणि म्हणाले, "हा हो म्हणाला. साहेबाला हा स्वतः हो म्हणाला. साहेबाच्या तोंडून मी ऐकलं." आणि त्यांनी खिशातल्या डबीवर बोट ठेवलं. त्या गोलात 'मी ऐकलं' म्हणणाऱ्याला कोण खोडून काढणार? हात एकदम उसळले. "सेक्रेटरी झाला म्हणून आम्हाला विचारायचं नाही?" "साहेबासमोर शेपूट हलवली!" महूच्या एका म्हाताऱ्याने तर मुजरा करणाऱ्या माणसाची नक्कल केली, आणि काही जण हसलेही. बाबा म्हणाले, "मी हो म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही." मग ते माझ्याकडे वळले. "वेणी तिथे होती. वेणी, सांग."

चाळीस चेहरे माझ्याकडे वळले. शांतामावशींनी मला नीट दिसावं म्हणून पुढच्या माणसाचं डोकं हाताने बाजूला केलं.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांची हनुवटी हलायला लागली, बारीक, खालीवर. पुढे सांग. ते थांबले होते. मी गवताकडे बघितलं. आणि हाताने बोलणाऱ्या माणसापासून नजर काढून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं असतं.

बाबांनी खोलीची किल्ली आणि सभासदांची वही मिशीकाकांसमोर गवतावर ठेवली. मंडळ तीन-चार महिने बागेत भरलं, कधी वीस माणसं, कधी आठ. पावसात बंद राहिलं. दिवाळीनंतर कुणी आलं नाही. बाबांचे रविवार घरी जायला लागले. ते वर्तमानपत्र वाचत, आणि मंत्र्यांची सोंगं काढायला समोर आई आणि मी. आई हसे. शांतामावशी तेवढ्या येत राहिल्या.

त्या बागेतल्या दिवसानंतरच्या आठवड्यात बाबांनी छापखान्यातून उरलेल्या कागदांची एक खिशात मावेल अशी वही शिवून आणली. दूधवाल्याशी, डॉक्टरशी, रेशनवाल्याशी ते त्या वहीत लिहून बोलायला लागले. 'साखर कधी येणार?' 'ताप तीन दिवस.' मी शेजारी उभी असले तरी. लोक म्हणत, "बेटीला सांगा ना, बेटी आहे ना," आणि ते काही न दिसल्यासारखे वही पुढे करत. मला ते कधी रागावले नाहीत. माझ्या परीक्षा, नोकरी, लग्न, सगळ्यांत ते होते, हसत होते. पण माझ्या तोंडून बोलायला त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काम केलं, बहिऱ्यांच्या भाषेलाही स्वतःचं व्याकरण असतं हे तिथल्या एका पुस्तकात वाचलं, आणि घरी येऊन पेन्सिलीने सुधारलेल्या चिठ्ठ्या शोधल्या. बाबांनी त्या ठेवल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी ते दवाखान्यात होते. विजय नगरच्या मोठ्या दवाखान्यात, जिथून समोरचा मॉल दिसतो. त्या मॉलच्या खायच्या मजल्यावर हल्लीची बहिरी मुलं रविवारी जमतात, हे नर्सने सांगितलं. वर बघितलं तर काचेतून हात दिसले असते. बाबांच्या बोटांत पेन राहत नव्हतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. ऑपरेशनबद्दल तो बोलला, आणि मी हाताने सांगत गेले, एकही शब्द न गाळता. बाबांची हनुवटी बारीक हलत होती.

"हाँ बोल रहे हैं ना?" डॉक्टरने फाइल उघडली.

"नहीं, सर," मी म्हणाले. "वो कह रहे हैं, आगे बताइए."

डॉक्टर थांबला, बसला, आणि उरलेलं सगळं सांगितलं. धोका किती, न केलं तर काय. शेवटी बाबांची मान एकदा खाली गेली आणि क्षणभर तिथे राहिली. मग मी म्हणाले, "आता हो म्हणाले."

डॉक्टर गेल्यावर मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "बाबा," मी म्हणाले, "तो रविवार. वकीलसाहेब आले होते, तो." ते माझ्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी चादरीवरून पंजा उचलला, सलाइनची नळी सांभाळत, आणि हळूच पुढे ढकलला. नंतर. त्यांचे डोळे ते नाटुकल्यात मिशीकाकांसमोर पाटावर बसायचे तेव्हा असत तसे झाले होते, किंवा मला तसं वाटलं. ते थकले होते का, त्यांना सगळं माहीत होतं का, की ती माझीच खूण मला परत देत होते, हे मला कळलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ते गेले.

आई त्यांच्या आधी सहा वर्षं गेली होती. मिशीकाकाही नाहीत. हे सगळं मी कानाच्या भाषेत लिहिलं आहे. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांची ही भाषा नव्हती. वेणी कापून मला वीस वर्षं झाली. त्या नावाने हाक मारणाऱ्या शांतामावशी एकट्या उरल्या आहेत. त्या इथे राऊमध्येच मुलाकडे राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. त्या अजून हवेत चिमूट घेऊन बाबांची आठवण काढतात आणि म्हणतात, तो हो म्हणाला नसेल.

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.